केसदान झालं, फोटोही झाले. आता खरंच काय करू?

आबोलीची_फाती (म्हापसा)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, धागा काढायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

म्हापशात माझं लेडीज पार्लर आहे, चौदा वर्षं झाली. दोन मुली कामाला, मी तिसरी. गेल्या वर्षी ८ मार्चला केसदान शिबिर घेतलं. कॅन्सर पेशंटसाठी विग बनवतात तिथे केस पाठवायचे, कटिंग आम्ही फुकट करायची, असा बेत. बॅनर लावला, फुगे लावले, गुलाबी रिबिनी आणल्या. १९ बायका आल्या. मला वाटलं, काय झकास झालं!

संध्याकाळी मोजायला बसले. १२ इंचांची अट होती. ती मला ठाऊक होती, पण मोजायचं कुठून ते मी नीट विचारलंच नव्हतं. मी आपली टाळूपासून टेप लावत होते. मोजायचं असतं रबर बांधतो तिथून टोकापर्यंत, आणि लेयर कट असला तर सगळ्यात आखूड लेयर धरायची. ११ पोनी बाद. त्या ११ जणींना मी हे आजतागायत सांगितलेलं नाही. त्यातल्या एकीने लग्नानंतर पहिल्यांदाच केसांना कात्री लावली होती.

राहिले आठ. त्यातल्या तिघी सकाळी न्हाऊन आल्या होत्या. केस वरून कोरडे वाटत होते, मी प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली. लग्नसराई सुरू, कुरिअरला जायला मला पंधरा दिवस लागले. पिशवी उघडली तर ओल्या गोणपाटासारखा वास आणि बुरशीचे पांढरे ठिपके. तेही गेले.

थोडक्यात, फोटोत एकोणीस, पाकिटात पाच.

आणि खोटं कशाला बोलू, त्या फोटोंमुळे नवीन गिऱ्हाईक मिळालं. एप्रिल-मे चांगला गेला.

मग चतुर्थीच्या आधी, ऐन गर्दीत, एक बाई आली. डोक्याला स्कार्फ. म्हणाली, "ताई, तुम्ही विग देता ना? फोटो बघितला होता." मी म्हटलं, आम्ही देत नाही, केस पाठवतो फक्त. मग कुठे मिळेल? मला माहीत नव्हतं. ती जायला उठली आणि दारातून परत फिरून विचारलं, "भुवया तरी काढून द्याल?" तिला भुवया उरल्याच नव्हत्या. हाडाचा उंचवटा चाचपून मी पेन्सिलने एक-एक केस काढावा तशा काढून दिल्या. दहा-बारा मिनिटं लागली असतील. पैसे घेतले नाहीत. बाहेर चार जणी थ्रेडिंगसाठी खोळंबल्या होत्या, तरी ती आरशासमोरून उठेना आणि मलाही तिला उठवेना.

आता परत ८ मार्च येतोय. मुली विचारताहेत, फुगे आणायचे का? काय सांगू त्यांना?

---

खवचट_फोंडेकर

"फोटोत एकोणीस, पाकिटात पाच." ताई, एवढं खरं बोलणारं पार्लर अख्ख्या गोव्यात एकच असेल. त्यामुळे तुमच्यावर खवचटपणा करता येत नाही याचं दुःख आहे.

पण एक प्रश्न. शिबिराच्या दिवशी त्या दोन मुलींचा पगार? की "समाजकार्य आहे गं" म्हणून जास्तीचे तीन तास उभं ठेवलंत? आमच्या ओळखीच्या एका मोठ्या सलूनमध्ये दर सहा महिन्यांनी असला सोहळा होतो, आणि होतो मुलींच्या सुट्टीच्या दिवशी. मुली बाहेरच्या राज्यांतून आलेल्या, बोलणार कोण? नाव मालकाचं, पाय सुजतात मुलींचे.

---

आबोलीची_फाती

@खवचट_फोंडेकर, पगार दिला होता. जास्तीच्या तासांचे पैसे नाही दिले. बिर्याणी दिली.

---

खवचट_फोंडेकर

बिर्याणी नोंदवून घेतली आहे.

---

सिस्टर_बांबोळी

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नर्स आहे, बरीच वर्षं किमोच्या डे-केअरला काढली. ताई, तुमच्या त्या बाईला जे हवं होतं तेच आमच्याकडच्या बहुतेक जणींना हवं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या किमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस जायला लागतात. सगळ्याच औषधांनी जात नाहीत. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांनी बहुधा पूर्ण जातात, काहींनी नुसते विरळ होतात. ते कधी जातील हे डॉक्टर सांगतात, कसे जातील हे कुणी सांगत नाही. सकाळी उशी काळी दिसते. न्हाणीघराच्या जाळीत गुंता अडकून पाणी तुंबतं. जेवणात येतात. लांब केस असले तर गळालेले आणि न गळालेले एकमेकांत अडकून मागे जट होते, ती ओढली की टाळू दुखते. त्या दिवसांत टाळू इतकी हुळहुळी असते की उशीचा अभ्राही टोचतो.

यावर उपाय सोपा. गळायला लागायच्या आधीच केस बारीक करून घ्यायचे. पण करणार कोण? पार्लरमध्ये जाऊन चार बायकांसमोर बसायची हिंमत नसते, आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना आम्हीही गर्दीत जाऊ नका सांगतो. मग नवरा नाहीतर मुलगा घरातली कात्री घेतो. तो प्रकार मी बघितलाय, त्यापेक्षा न कापलेले बरे.

घरी जाऊन हे करणारी एक पार्लरवाली आमच्या प्रत्येक तालुक्याला हवी आहे. विग नंतर. आधी ही.

जाणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टी: वस्तरा अजिबात नको, मशीनच मारायचं. प्लेटलेट कमी असतात, बारीक कापलं तरी रक्त थांबत नाही आणि त्यातून इन्फेक्शन. मशीनची पाती पुसून, स्पिरिट लावून न्यायची. तुम्हाला स्वतःला सर्दी असेल तर जायचंच नाही. वॅक्सिंग, फेशियल, ब्लीच यांचं नावही काढायचं नाही, पेशंटने आग्रह केला तरी. नखं कापून द्या, पण क्यूटिकलला, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीला, हात लावू नका. आणि किमोचा दुसरा-तिसरा दिवस टाळा, मळमळीने जीव नकोसा झालेला असतो. डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा.

१९८९ पासून अमेरिकेत 'लुक गुड फील बेटर' नावाचा उपक्रम चालतो. ब्यूटिशियन किमोच्या बायकांना भुवया काढायला, त्वचा सांभाळायला, स्कार्फ बांधायला शिकवतात. म्हणजे तुम्ही पेन्सिलने जे केलंत तेच. फक्त ते लोक वेळ ठरवून करतात.

---

मांडवीकाठ

वाचतेय. सिस्टर, देव बरें करूं.

---

कात्री_कंगवा (मडगाव)

फाती ताई, मीही पार्लरवाली. तुझ्या ११ पोनी वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्या पहिल्या खेपेला नऊ गेल्या होत्या. केसदान बंद करू नकोस गं, नीट कर.

मी आता असं करते. आधी फोनवरच तीन प्रश्न: स्मूदनिंग किंवा केराटिन केलंय का, रंग लावलाय का, शेवटचा लेयर कट कधी केला. गोव्यात हल्ली सरळ केस बघितले की देवाने दिलेले की पार्लरने, हे आमच्यासारखीलाही हात लावल्याशिवाय कळत नाही. केमिकलवाले केस बऱ्याच संस्था घेत नाहीत. मेंदीचंही आधी विचारलेलं बरं.

येताना आदल्या दिवशी न्हाऊन ये म्हणायचं, त्याच दिवशी नाही. तेल नको. एकच पोनी बांधून कापली तर मधले केस आखूड जातात, म्हणून डोक्याचे चार भाग करून चार वेण्या घालायच्या. वर रबर, खाली रबर. वरच्या रबराच्या अर्धा इंच वर कात्री. रबर निसटलं की संपलं, मुळं-टोकं उलटसुलट झालेले केस विगला चालत नाहीत. मग वेण्या वर्तमानपत्रावर पंख्याखाली रात्रभर. पावसाळ्यात मी शिबिर घेतच नाही. आपल्याकडे जुलैमध्ये चपलांना बुरशी येते तिथे केसांचं काय.

मुंबईत मदत ट्रस्टचा 'कोप विथ कॅन्सर' उपक्रम आहे, त्यांची अटही १२ इंचांचीच. तरी पाठवण्याआधी प्रत्येक वेळी विचारायचं, अटी बदलत असतात. अमेरिकेतली 'लॉक्स ऑफ लव्ह' १० इंच घेते, ते वाचून आपल्याकडच्या मुली दहाला कापून मोकळ्या होतात.

आणि हे बायकांना कापायच्या *आधी* सांगायचं: केस महिन्याला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास वाढतात, म्हणजे १२ इंच परत यायला दोन वर्षं. एका विगला एकीचे केस पुरत नाहीत, अनेकींचे एकत्र करावे लागतात. हे ऐकून जी उठून जाते तिला जाऊ द्यावं. रडून घरी गेलेली परत कधी येत नाही. दानालाही नाही, कटिंगलाही नाही.

---

पुन्हा_फुटलेली_पालवी

मी या धाग्यातली दुसऱ्या बाजूची आहे. गेल्याच्या गेल्या वर्षी सहा किमो झाल्या. आता केस कानापर्यंत आलेत, पूर्वी सरळ होते, आता कुरळे. लेक म्हणते, आई तू दुसरीच कोणीतरी आलीस.

विग माझ्याकडे होता. बहिणीने मुंबईहून आणला, खऱ्या केसांचा, किंमत तिने शेवटपर्यंत सांगितली नाही. मी तो एकूण तीन वेळा घातला. मे महिन्यात पणजीच्या बसमध्ये विग म्हणजे डोक्यावर गोधडी. आत सुती टोपी घातली तरी घाम कानामागून वाहायचा, आणि घामाने तो सरकतो या भीतीने मी मान वळवायचे नाही. तिसऱ्यांदा घातला तो चतुर्थीला. आरतीला टाळ वाजवताना पुढे आला. कुणी हसलं नाही, सगळ्यांनी एकदम गणपतीकडे बघितलं. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं. नंतर सुती ओढणीच वापरली.

पण म्हणून विग निरुपयोगी असं म्हणणार नाही. माझ्यासोबत किमो घेणारी एक शिक्षिका होती, तिला वर्गात उभं राहायचं होतं. तिच्यासाठी तो विग म्हणजे नोकरी होती. माझा मी तिलाच दिला. आमच्या डोक्याची मापं जुळली हे नशीब.

फाती ताई, तुम्ही भुवया काढल्यात ना, ते कुणाला शिकवता येईल का? केसांची तयारी मनाने केलेली असते. भुवया-पापण्या जातील हे डोक्यात नसतं. आरशात बघितलं तर चेहऱ्यावरून कुणीतरी खोडरबर फिरवलेलं.

---

सिस्टर_बांबोळी

@पालवी, तुमचा प्रतिसाद उद्या आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवते, चालेल ना?

---

पुन्हा_फुटलेली_पालवी

चालेल. गणपतीचा भाग गाळू नका.

---

वारीक_माशेल

बायकांच्या धाग्यात पुरुष न्हावी घुसतोय, माफी असावी. आमचा धंदा तिसऱ्या पिढीचा. आजोबांना गावात म्हालो म्हणायचे. ते पेटी घेऊन घरोघर जायचे, पैसे नाही, वर्षाला भात मिळायचं. बारसं, मुंज, लग्न, बारावा, कशाला म्हालो लागत नसे? बोलावलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती.

म्हणून "फुकट सेवा" या शब्दाची आमच्या घरात जरा ॲलर्जी आहे. वडील म्हणायचे, आपण पिढ्यान्‌पिढ्या फुकट केलं, त्याला कुणी दान नाही म्हटलं. आता शहरातला स्टायलिस्ट एक दिवस फुकट कापतो तर पेपरात फोटो येतो.

असं असूनही मी करतो. संत सेना महाराजांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला असते, त्या दिवशी दुकानात कुणाकडूनही पैसे घेत नाही. हे वडिलांनीच सुरू केलं, ॲलर्जी असून. आणि महिन्यातून एका सोमवारी, दुकान बंद असतं तेव्हा, जवळच्या वृद्धाश्रमात जातो. सात वर्षं झाली. फोटो एकही नाही, कारण तिथल्या लोकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कॅमेरा आणलाय का?" आणि नाही म्हटल्यावर खुर्ची दिली.

वृद्धाश्रमाची दाढी ही वेगळी विद्या आहे. दुकानातला हात तिथे चालत नाही. कवळी काढलेली असते, गाल आत गेलेले. वस्तरा घडीत अडकतो. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी कानाकडे ताणून धरायची आणि आजोबांना सांगायचं, जिभेने आतून गाल फुगवा. काही जणांना ते कळत नाही, मग आपणच गाल फुगवून दाखवायचा. दर माणसाला नवं ब्लेड, यात तडजोड नाही, कावीळ-बी असो नाहीतर एचआयव्ही, रक्तातून जाणारं काहीही एका ब्लेडने दुसऱ्याकडे जातं. हातापायाला कंप असणाऱ्यांना ट्रिमरच. विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांना मशीनचा आवाज घाबरवतो, त्यांच्यासमोर आधी स्वतःच्या हातावर फिरवून दाखवतो, मग त्यांच्या हातावर, मग डोक्याला.

एक जुने ख्रिस्ती आजोबा होते. सगळं विसरले होते, मुलांची नावंसुद्धा. मी पेटी उघडली की गालावर हात फिरवून म्हणायचे, "बार्बा". पोर्तुगीजमध्ये दाढी. झाल्यावर खिशात हात घालून पैसे शोधायचे. खिसा रिकामा. मी रोज... म्हणजे दर खेपेला म्हणायचो, "गेल्या वेळचे सुटे माझ्याकडेच राहिलेत, फिटले." तेव्हाच ते उठायचे.

प्रोव्हेदोरियाचे (सरकारी मदतसंस्थेचे) आश्रम आहेत, चर्चच्या संस्थांचे आहेत, खाजगी आहेत. गोव्यात म्हाताऱ्यांना जागा आहेत. मुलं परदेशात, पैसेही येतात. महिन्याला एक न्हावी येत नाही.

---

मोडी_आणि_मी

@वारीक_माशेल, प्रतिसाद दोनदा वाचला.

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. सेवा *नाकारणं* हीसुद्धा तुमच्या व्यवसायाची समाजसेवाच होती. १८९० साली मुंबईत नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे होते. हातावर पोट असणाऱ्या माणसांनी ठराविक मिळकत सोडून वस्तरा खाली ठेवला.

आणि फोंडेकरांसाठी: हेच लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी लढले. ती सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. एकाच माणसाच्या खात्यावर एकाच वर्षी दोन्ही.

---

खवचट_फोंडेकर

वा, आता माझं काम सोपं झालं. आठवड्याची सुट्टी आपल्याकडे १९७३ च्या दुकाने व आस्थापने कायद्यातही आहे. तेव्हा मालकाने दान स्वतःच्या सोमवारातून करावं. मुलींना यायचं असेल तर त्यांना बदली सुट्टी द्यावी. बिर्याणी वरखर्च.

करसवलतीच्या आशेवर असणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, मी हिशेबनीस आहे म्हणून. प्राप्तिकरात दानाच्या वजावटीला पैशाचं दान धरतात. केस, शॅम्पू, फुकट कटिंग यातलं काहीही धरत नाहीत. रोख दिलंत तर २,००० च्या वर वजावट नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर विषयच मिटला. "एवढ्या रकमेच्या सेवा दान केल्या" असं पत्रक काढणारी दुकानं बघितली की हसू येतं. तो आकडा मेनूकार्डवरच्या दराने लावलेला असतो.

---

वरचा_आकडा_१२०

फॅमिली डॉक्टर आहे, तिसवाडीत. माशेलच्या दादांना एक काम सुचवतो, गिऱ्हाइकांचं प्रेशर मोजायचं.

२०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीयांची ५२ सलूनं, रक्तदाब वाढलेले ३१९ पुरुष. एका गटात न्हावी गिऱ्हाइकाला गाठ घालून द्यायचा आणि फार्मासिस्ट सलूनमध्येच येऊन औषध सुरू करायचा. दुसऱ्या गटात न्हावी फक्त सांगायचा, डॉक्टरकडे जा. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला, दुसऱ्याचा ९.३ ने.

मला त्यातली दुसरी ओळ जास्त आवडते. नुसतं न्हाव्याने "जा रे बाबा" म्हटलं तरी नऊ. मी म्हटलं की शून्य.

आपल्याकडे तर गरज आहेच. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. हे लोक माझ्याकडे येतात ते पायाला जखम झाल्यावर. तुमच्याकडे दर महिन्याला येतात.

---

वारीक_माशेल

डॉक्टर, प्रेशरचं मशीन घेऊन ठेवतो. पण माझं गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या राजकारणावर सुरू होतं. तेव्हा प्रेशर घेतलं तर तुमच्याकडे रांग लागेल.

---

वरचा_आकडा_१२०

म्हणून कापायच्या आधी घ्यायचं नाही. केस कापून झाल्यावर, पाच मिनिटं गप्प बसवून, पाय जमिनीला टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर. दोनदा मोजा. १४० च्या वर दिसलं तर कागदावर आकडा लिहून हातात द्या आणि आरोग्य केंद्रात पाठवा. औषध सांगायचं नाही. कुणाचा आकडा किती हे दुसऱ्या गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही.

---

कात्री_कंगवा

गुपिताचा विषय निघालाच आहे तर लिहू का नको करत लिहिते.

केस धुताना मान मागे टाकली की कानामागचं, मानेवरचं सगळं दिसतं. बाईच्या आईला दिसत नाही ते आम्हाला दिसतं. चौदा-पंधरा वर्षांत अशा खुणा मी किती बघितल्या ते मोजलेलं नाही. पहिल्या काही वेळा मी काहीच बोलले नाही, पाणी कोमट आहे ना एवढंच विचारलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २०१७ पासून पार्लरवाल्यांना घरगुती हिंसेबद्दल एक तासाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, हे वाचलं तेव्हा वाटलं, तो एक तास मला मिळाला असता तर!

आता बेसिनवर, जिथे झोपल्यावर नजर जाते तिथे वरच्या छताला, १८१ नंबरचा छोटा कागद चिकटवलाय. महिला हेल्पलाइन. मी तोंडाने काही बोलत नाही. एकदा एकीने विचारलं, "तो नंबर दिवसरात्र चालतो का?" मी हो म्हटलं. तिने फोटो काढला नाही, पाठ केला.

---

मांडवीकाठ

अंगावर काटा आला.

---

सत्तरीतला_कुळागरी

धागा फार वरच्या पातळीवर गेलाय, मी जमिनीवर आणतो. न्हाव्यांनो, दुकानातले झाडून काढलेले केस टाकू नका, आम्हाला द्या. रानडुकरं आमची कणगी-सुरण उकरतात. बांधाच्या कडेने केस पसरले की हुंगताना नाकात जातात आणि डुक्कर मागे फिरतं. पावसाने वाहून जाईपर्यंत चालतं. पुढे कुजून खत, केसांत नायट्रोजन भरपूर. गव्यांवर काही उपयोग नाही, ते नाकापेक्षा खांद्याने विचार करतात.

फाती ताई, तुमच्या ११ बाद पोनी असतील तर...

---

आबोलीची_फाती

@कुळागरी, त्या पोनी अजून कपाटात आहेत. टाकवत नाहीत. डुकरांना द्यायचा विचार अजून व्हायचाय.

---

आबोलीची_फाती (एक महिन्यानंतर)

उशिरा लिहितेय. ८ मार्चला फुगे आणले नाहीत. मुलींना सांगितलं तर धाकटी जरा हिरमुसली, तिला रिबिनी बांधायला आवडतात.

केलं ते एवढंच. आधी त्या ११ जणींपैकी ज्यांचे नंबर होते त्या सात जणींना फोन केला. खरं सांगितलं. सहा जणी "जाऊ दे गं" म्हणाल्या. सातवीने फोन ठेवला. तीच ती, लग्नानंतर पहिल्यांदा कापणारी.

मग सिस्टरना मेसेज केला. महिन्यातले दोन सोमवार माझे. थोरली मुलगी येते म्हणाली, तिला बुधवारी बदली सुट्टी (फोंडेकर, नोंदवून घ्या). नवीन मशीन घेतलं, ते पार्लरमध्ये वापरायचं नाही असं ठरवलं.

पहिला सोमवार हळदोण्याला. जुनं घर, पुढे बलकाव (बसायचा व्हरांडा), बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या. पेशंट माझ्याच वयाची, केस कमरेपर्यंत, आबोली माळणारी. नवरा आम्हाला बघून मागच्या दारी गेला. सासूबाई मात्र दारातच बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "सवाष्णीच्या डोक्याला मशीन? आमच्या वेळी हे कुणाला करायचे माहीत आहे ना?" मोडी_आणि_मी, तुमचा प्रतिसाद आठवला, पण तिथे १८९० सांगून काय उपयोग.

जमिनीवर जुनी चादर घातली, आरसा उलटा केला. आधी चार वेण्या, आदल्या दिवशी न्हायला सांगितलं होतं, केस खडखडीत कोरडे. सोळा इंच भरले. मी कात्री लावणार तोच ती म्हणाली, "मला दे." पहिली वेणी तिने स्वतः कापली. कात्री बोथट वाटावी इतके दाट केस. तीन झटके लागले. बाकीच्या मी. मग मशीन. तिला एकदम टक्कल नको होतं, म्हणून ३ नंबरचा गार्ड (मशीनच्या पात्यावर बसवायचा कंगवा) लावला. मागून पुढे, हळूहळू. थोरलीने तिचे दोन्ही हात धरले होते, ते मी सांगितलं नव्हतं. आरसा सुलटा केला तेव्हा तिने बराच वेळ कान बघितले. म्हणाली, "माझे कान बाबांसारखे आहेत."

वेण्या मुंबईला गेल्या, त्याच आठवड्यात. भुवया कशा काढायच्या ते पालवीताईंना फोनवर विचारून विचारून एका कागदावर लिहितेय, तयार झाला की इथे टाकते.

आता दोन कामाच्या गोष्टी. घरी परतताना पिशवी पडली आणि ३ नंबरचा गार्ड तुटला. शुक्रवारच्या बाजारात शोधला, अख्खा सेट घ्या म्हणतात. कुणाकडे सुटा आहे का?

दुसरं, काल हळदोण्याहून फोन आला. मला वाटलं सुनेला काही झालं. सासूबाई होत्या. गुडघ्यांमुळे न्हाताना वाकता येत नाही, अंबाडा वाळत नाही, डोक्याला वास येतो. मानेपर्यंत कापून देशील का, म्हणाल्या. पण लेकाला सांगू नको.

---

वारीक_माशेल

३ नंबर माझ्याकडे दोन आहेत. सोमवारी म्हापशाला येतोय, आणतो. आजींच्या मानेखाली उशी नको, टॉवेलची गुंडाळी ठेव. आणि खाटेवर नाही, खुर्चीत बसव.